अंगठी स्वतः घडवा, पण वजनाची चिठ्ठी मागा

संपादक महोदय,

सस्नेह नमस्कार.

साखरपुड्याच्या अंगठ्या सराफाकडून तयार घेण्याऐवजी एखाद्या वर्कशॉपमध्ये बसून दोघांनी एकमेकांसाठी घडवायच्या, ही हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. धंद्यातल्या लोकांना तिचं वावडं असायचं कारण नाही. बिनखड्याची साधी पट्टीची अंगठी, म्हणजे आपलं वळं, हे शिकाऊ पोराच्या हाती लवकर दिलं जाणारं काम आहे. जाणता माणूस शेजारी असेल तर नवखा ती पाच-सहा तासांत करतो. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी, धातूच्या हिशोबात आणि सांध्यात. सराफाकडून माल घेतला की या दोन्हींचा जाब त्याला विचारता येतो. स्वतः केला की विचारायचा कोणाला? म्हणून वर्कशॉपने काय लिहून द्यावं आणि करणाऱ्याने कुठे डोळा ठेवावा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी माप. दोरा गुंडाळून घेतलेलं माप विसरा. दोरा ताणला जातो आणि बोटाच्या पेरावरून अंगठी जाते की नाही हे तो सांगत नाही. मापाच्या कड्यांचा जुडगा वापरा, आणि अंगठी जेवढी रुंद करायची तेवढ्याच रुंदीचं कडं घ्या. सहा मिलिमीटर रुंदीची पट्टी अरुंद कड्याच्या मापावर केली तर हमखास घट्ट होते. तिथे अर्धा ते एक नंबर वाढवावा लागतो. माप संध्याकाळी, हात गरम असताना घ्यावं. सकाळच्या गारव्यात बोट बारीक असतं.

आपल्याकडच्या नंबरांचा हिशोब सोपा आहे. अंगठीचा आतला परीघ मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यातून ४० वजा करा. १२ नंबर म्हणजे ५२ मिलिमीटर, १८ नंबर म्हणजे ५८. पट्टी किती लांब कापायची हे मात्र नुसत्या परिघावर ठरत नाही, जाडीही धरावी लागते: आतला परीघ अधिक जाडी गुणिले ३.१४. नंबर १८, जाडी १.८ मिलिमीटर असेल तर ५८ अधिक ५.६५, म्हणजे ६३.६५ मिलिमीटर. जाडी विसरून ५८ वर कापलेली पट्टी साडेपाच नंबर लहान होते, आणि हे नवशिक्यांच्या बाबतीत वारंवार घडतं.

तरीही ६३.६५ वर कापू नका. ६३ वर कापा. आतून कानस आणि एमरी (घासकागद) फिरवताना अंगठी मोठी होत जाते. आतल्या बाजूने सगळीकडून फक्त ०.१ मिलिमीटर धातू गेला तरी परीघ ०.६ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे अर्ध्या नंबराहून जास्त. लहान झालेली अंगठी निमुळत्या दांड्यावर ठोकून एखादा नंबर वाढवता येते. मोठी झालेली कापून पुन्हा झाळावी, म्हणजे धातू वितळवून जोडावी लागते.

आता धातू. रोज वापरायच्या, बिनखड्याच्या अंगठीला आमच्या मते १८ कॅरेट बरं. घरातली वडीलधारी मंडळी २२ चा आग्रह धरतात आणि त्यामागचं गणित मोडीचं असतं, ते चुकीचं नाही. पण २२ कॅरेटची पट्टी मऊ. कणीक मळणं, दुचाकीची मूठ, लोकलचा दांडा, असल्या वापरात दीड मिलिमीटरपेक्षा पातळ पट्टी वर्षा-दोन वर्षांत लांबट होते. २२ च करायची तर जाडी दोनच्या जवळ ठेवा आणि तेवढं वजन वाढणार हे धरून चाला. प्लॅटिनमचा विचार अशा वर्कशॉपपुरता सोडून द्या. ते १,७६८ अंशांना वितळतं. त्याची ज्योत, त्याचा गडद चष्मा, त्याची मूस (धातू वितळवायचं भांडं), सगळंच वेगळं.

वजनाचा अंदाज घरी बसून काढता येतो. लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा, आणि धातूच्या घनतेने गुणा: १८ कॅरेट पिवळ्या सोन्याला साधारण १५.५, २२ कॅरेटला १७.७, ९२५ चांदीला १०.४. वरचीच पट्टी ४ मिलिमीटर रुंद धरली तर १८ कॅरेटमध्ये सुमारे ७.१ ग्रॅम, २२ मध्ये ८.१ आणि चांदीत पावणेपाच. मुलीसाठी १२ नंबर, ३ रुंद आणि १.६ जाड अशी पट्टी १८ कॅरेटमध्ये सव्वाचार ग्रॅमच्या आसपास येते. हे झालं तयार मालाचं वजन. ओतण्यासाठी त्याच्या पाव पट जास्त धातू घ्यावा लागतो, कारण ओतीव कांबीची टोकं कापावी लागतात आणि कानशीत जातं ते वेगळं. उरलेले तुकडे आणि चुरा तुमचाच असतो. तो परत मिळतो का, हा पैसे भरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न.

घरचं सोनं आणून त्याच्या अंगठ्या करायच्या असतील तर आणखी सावध राहावं. आजीची बोरमाळ वीस ग्रॅम भरते म्हणजे ते वीस ग्रॅम सोनं नव्हे. बोरमाळेच्या मण्यांत, जुन्या गोठ-पाटल्यांत लाख असते. आटवल्यावर काट्यावर जे उरेल तेच खरं. शिवाय जुन्या दागिन्यांचे सांधे कॅडमियमच्या डाखाने, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूने, झाळलेले असण्याचा संभव मोठा. बाजारात ज्याला केडीएम म्हणत ते हेच. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे सोनं वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते, आणि ती फुप्फुसाला घातक आहे. बंद खोलीत, पंखा लावून, हौशी माणसांच्या तोंडासमोर असं सोनं आटवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. हे काम बाहेर गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं आटवून देणाऱ्याकडे द्या. विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाई बांधवांची दुकानं देशभरातल्या सराफ बाजारांत आहेत. परप्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकालाही ती सापडतील.

टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, आटवल्यावर काढून घ्या, आधी नव्हे. एक्स-रे मशीन दागिन्याचा फक्त वरचा पातळ थर वाचतं. वर मुलामा असेल किंवा वारंवार आम्लात उजळून पृष्ठभागावर सोन्याचं प्रमाण वाढलेलं असेल तर आकडा चढा येतो. एकजीव झालेल्या लगडीचा आकडा भरवशाचा. २२ कॅरेट म्हणून घेतलेला जुना माल कमी भरला तर त्यात नवल नाही. हॉलमार्क सक्तीचा व्हायच्या आधीचा असा माल बराच आहे.

२२ चं १८ करताना हिशोब असा. १० ग्रॅम ९१६ मध्ये (२२ कॅरेट, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं) शुद्ध सोनं ९.१६ ग्रॅम. त्याला ०.७५ ने भागलं की १२.२१ येतात, म्हणजे २.२१ ग्रॅम चांदी-तांबं घालता येतं. पण इतकं काठोकाठ जाऊ नये. हॉलमार्कला १८ कॅरेटचे ७५० म्हणजे ७५०, त्याखालचं चालत नाही, आणि डाखाचा कस किंचितही कमी असला तर एकूण आकडा घसरतो. २.१ ग्रॅमवर थांबा. टंच ७५७ च्या आसपास बसेल. चांदी आणि तांबं निम्मं-निम्मं घातलं की ओळखीचा पिवळा रंग येतो. तांबं वाढवलं की लालसर.

शिशाबद्दल एक ताकीद. कथलाच्या, म्हणजे शिसं-कथील मिश्रणाच्या मऊ झाळणाचा एखादा कण जरी मुशीत गेला तरी सोनं ठिसूळ होतं. रुळात (धातू दाबून पातळ करायच्या यंत्रात) घातलं की कडांना भेगा आणि वाकवताना टचकन तुटतं. इलेक्ट्रॉनिक्सचं झाळकाम आणि सोनारकाम एकाच टेबलावर, एकाच कानशीने चालत असेल तर त्या वर्कशॉपमध्ये सोनं बाहेर काढू नका.

ओतण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते मार्गदर्शकाने करावं आणि पाहुण्यांनी पाहावं. तरी तीन गोष्टींकडे लक्ष असू द्या. मूस नवी असेल तर तिला आधी टाकणखाराचा हात दिलेला असावा. लोखंडी साचा तेलाचा पातळ हात देऊन शंभर-दीडशे अंशांपर्यंत तापवलेला असावा; गार किंवा दमट साच्यात धातू उसळतो, आणि न उसळला तरी कांबीत पोकळ्या राहतात. तिसरं म्हणजे धातू पाण्यासारखा फिरू लागला की लगेच ओतावा. जास्त तापवत बसलं की तो हवा ओढतो. चांदी तर वितळलेल्या अवस्थेत ऑक्सिजन पिते आणि गोठताना तो बाहेर टाकते, त्याची छिद्रं मग शेवटच्या पॉलिशला उघडी पडतात, जेव्हा काही करता येत नाही.

खरी मजा पुढे आहे. १८ कॅरेटचे नऊ ग्रॅम ६ मिलिमीटर चौकोनी साच्यात ओतले की जेमतेम १६ मिलिमीटर लांबीचा ठोकळा हाती येतो. त्याच्यातून ८० मिलिमीटरची पट्टी निघणार आहे हे पाहणाऱ्याला पटत नाही. आधी ऐरणीवर चारी बाजूंनी हातोडीने दाबून घ्यायचा, म्हणजे ओतीव दाणा मोडतो. मग रुळाच्या चौकोनी खाचांतून, प्रत्येक वेळी पाव वळसा फिरवत, थोडं थोडं उतरवायचं. छेद निम्मा झाला की धातू कडक होतो, हँडल जड लागतं. तिथे थांबून ताव द्यायचा, म्हणजे तापवून धातू पुन्हा मऊ करायचा. सहाचा सव्वाचार-साडेचार मिलिमीटर झाला की पहिला ताव, साडेतीनच्या सुमारास दुसरा. चपट्या रुळात पट्टी लांब होते, रुंद फारशी होत नाही. म्हणून ४ मिलिमीटर रुंदी हवी असेल तर चौकोनी सळई साडेतीनच्या खाली नेऊ नये, नाहीतर पुढे रुंदी कुठूनच येत नाही. कडेला केसभर भेग दिसली की तिथल्या तिथे कानशीने काढून टाका. पुढे रेटली की ती आत शिरते.

ताव देणं डोळ्याने शिकायचं काम आहे आणि ते भर उजेडात जमत नाही. दिवा मंद करा, मऊ, पसरट ज्योत सगळ्या पट्टीवर फिरवत ठेवा, आणि अंधारात ओळखू येईल असा मंद लाल रंग दिसला की काही सेकंदांत ज्योत काढा. चांदीला सुमारे ६०० ते ६५० अंश, १८ कॅरेट पिवळ्याला ६५० ते ७००. जास्त वेळ तापवलं तर आतला दाणा वाढतो आणि वाकवताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. मग ती खडबड कानशीने काढता काढता जाडी जाते. पिवळं आणि विशेषतः लालसर १८ कॅरेट लाली ओसरताच पाण्यात बुडवावं. सावकाश गार होऊ दिलं तर ते पुन्हा कडक होतं, क्वचित तडकतंही.

तावावरचा काळेपणा जायला सौम्य आम्लाचं कोमट पाणी लागतं. गंधकाम्ल वापरत असाल तर नऊ भाग पाण्यात एक भाग आम्ल, आणि आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. घरगुती बैठकीत तुरटीचं किंवा सायट्रिक आम्लाचं गरम पाणी पुरतं, फक्त वेळ जास्त लागतो. त्यात लोखंडी चिमटा घालू नका. लोखंड गेलं की पाण्यातलं तांबं सुटून वस्तूवर चढतं आणि सोन्याची पट्टी गुलाबी होऊन बाहेर येते. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा ठेवा, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा.

पट्टी झाली. नाव-तारीख ठशांनी मारायची असेल तर ती आत्ता, सपाट असतानाच, टोकांपासून पाचेक मिलिमीटर आत. देवनागरी अक्षरांचे सुटे ठसे मारले की शिरोरेषा एका ओळीत बसत नाही, आणि वाकवल्यावर आतली बाजू आवळली जाऊन ती आणखी वेडीवाकडी दिसते. देवनागरी नाव शेवटी कोरून किंवा लेझरने घ्यावं हे उत्तम. हॉलमार्कला आतल्या बाजूला जागा रिकामी ठेवा.

आता सांधा. एवढं एक काम नीट झालं की अंगठी झाली, म्हणून इथे घाई नको. वाकवताना अंगठी गोल झालीच पाहिजे असा हट्ट धरू नका. चामड्याच्या किंवा लाकडी मोगरीने पट्टीची टोकं एकमेकांवर दाबून आणा. आकार इंग्रजी डी सारखा झाला तरी चालतो, टोकं सपाट आणि समोरासमोर आली पाहिजेत. थोडी एकमेकांच्या पलीकडे नेऊन मागे खेचली की स्प्रिंगसारखा ताण धरून ती चिकटून राहतात. मग उजेडासमोर धरा. सांध्यातून प्रकाशाची रेघ दिसते? दिसली तर बारीक आरीने, २/० किंवा ३/० च्या पात्याने, मिटलेल्या सांध्यातूनच सरळ कापत जा. पात्याच्या दोन्ही अंगांना दोन्ही टोकं एकसारखी घासली जातात आणि आपोआप समांतर होतात. पुन्हा दाबा, पुन्हा उजेडासमोर धरा. लागलं तर तिसऱ्यांदा कापा. दर वेळी पात्याच्या जाडीइतकी लांबी जाते, ती मापात धरा.

डाख फट भरत नाही. बाहेरून आणि आतून रेघ मिटलेली दिसली तरी मधे पोकळी राहिलेली असते, आणि सहा महिन्यांनी बोट अंगठीत अडकून जरा जोर पडला की ती तिथेच उघडते. दुरुस्तीला येणाऱ्या हौशी अंगठ्या पाहा, तक्रार बहुतेक सांध्याचीच असते.

डाख त्याच कॅरेटचा हवा. १८ च्या अंगठीला १८ चा हार्ड (जास्त तापमानाला वाहणारा) डाख, कॅडमियमविरहित. स्वस्त पडतो म्हणून चांदीचा डाख सोन्याला लावणारे आहेत. त्याची पांढरी रेघ काही दिवसांत उठून दिसते आणि टंचही उतरतो. एक मिलिमीटर चौरसाचे दोन तुकडे ४ मिलिमीटरच्या पट्टीला पुरतात. सांधा आणि तुकडे टाकणखाराच्या दुधात (पाण्यात कालवलेल्या टाकणखारात) बुडवा. तुकडे सांध्याच्या खाली, आतल्या बाजूला लावा, आणि आधी ज्योत सांध्याच्या समोरच्या भागावर, मग दोन्ही अंगांवर फिरवत सांध्याकडे आणा. डाखावर ज्योत धरायची नाही, अंगठी तापवायची. डाख जिथे जास्त ऊन तिकडे धावतो: एक बाजू गार राहिली तर तो दुसऱ्या बाजूवर चढून बसतो आणि सांधा कोरडाच. त्याचा गोळा होऊन तो नुसता बसून राहिला तर समजावं की सांध्यावर तेल, बोटांचा मळ किंवा काळेपणा आहे, किंवा टाकणखार जळून गेला आहे. जास्त जाळ देऊन उपयोग नाही, थंड करा, आम्लातून काढा, पुन्हा सुरुवात करा. डाख वाहिला की सांध्यातून चमकती रेघ सर्रकन वर येते. त्या क्षणी ज्योत बाजूला. चांदीत तर जास्तच जपावं. ९२५ चांदी ८०० अंशांच्या जरा वर वितळायला लागते आणि हार्ड डाख त्याच्या थोडाच खाली वाहतो. पृष्ठभाग ओलसर, थरथरता दिसू लागला म्हणजे अंगठी वितळून बसायला दोन सेकंद उरले आहेत.

तापताना सांधा आपोआप उघडतो, अशीही एक नेहमीची तक्रार. वाकवल्यानंतर ताव न दिल्याने धातूत राहिलेला ताण उष्णतेने मोकळा होतो, म्हणून टोकं दूर जातात. झाळण्याआधी मंद ताव देऊन सांधा पुन्हा मिटवा, किंवा बारीक लोखंडी तारेने अंगठी बांधून घ्या. ती तार आम्लात टाकण्याआधी काढायला विसरू नका.

पुढचं काम हाताच्या लयीचं आहे. अंगठी दांड्यावर चढवून मोगरीने गोल करा; दांडा निमुळता असतो म्हणून दर पाच-सहा ठोक्यांनी उलटून चढवा, नाहीतर एक तोंड मोठं होतं. लोखंडी हातोडी इथे वापरली की जाडी कमी होऊन नंबर वाढतो. ठोक्यांची नक्षी हवी असेल तर ती वाढ आधीच धरून अंगठी अर्धा-एक नंबर लहान ठेवा. आतून अर्धगोल कानस, मग एमरी २४०, ४००, ६००, ८०० अशी क्रमाने. मधली पायरी गाळली की आधीचे ओरखडे पॉलिशनंतर चमकून दिसतात. आतल्या दोन्ही कडा किंचित गोल करा, अंगठी बोटात चढते-उतरते ती त्यामुळे. पॉलिशच्या मोटरवर अंगठी बोटात घालून किंवा हातमोजा घालून कधीही धरू नका. ब्रशने पकडली तर बोटासकट ओढते. ओढणी, मोकळे केस, मंगळसूत्र, हातातला धागा, सगळं आधी आवरावं. फोटोसाठी केस मोकळे सोडून मोटरवर उभं करणारी वर्कशॉप्स आहेत म्हणून एवढं स्पष्ट लिहिलं.

मेणाचा मार्गही काही ठिकाणी असतो: कडक मेणाच्या नळीतून अंगठी कोरायची आणि त्या आकारात धातूचं ओतकाम बाहेर करून घ्यायचं. आगीला हात लावायचा नसेल तर तो ठीक. मेणाची घनता जवळपास पाण्याइतकी असल्याने कोरलेल्या मेणाचं वजन गुणिले धातूची घनता केलं की धातूचं वजन मिळतं. एक ग्रॅम मेण म्हणजे साडेपंधरा ग्रॅम १८ कॅरेट. नवखे जाडजूड कोरतात आणि ओतून आल्यावर बिल पाहून दचकतात. ओतीव अंगठीला सांधा नसतो हा फायदा. पण रुळलेल्या, ठोकलेल्या पट्टीइतका घट्टपणा तिला येत नाही, आणि पोकळ्यांचा धोका राहतो.

आता चिठ्ठीचं. वर्कशॉपने प्रत्येक जोडप्याला कागदावर पाच वजनं लिहून द्यावीत: दिलेला धातू, आटवल्यानंतरची लगड, कापलेली पट्टी, परत दिलेले तुकडे आणि चुरा, आणि तयार अंगठी. सोबत लगडीचा टंच आणि डाखाचा कॅरेट. काटा एक मिलिग्रॅम दाखवणारा आणि वजन दोघांसमोर. नवशिक्याच्या हातून कानस आणि पॉलिशमध्ये एक दशांशपर्यंत धातू जाऊ शकतो. त्यातला कानशीचा चुरा टेबलाखालच्या चामड्याच्या झोळीत पडतो आणि बहुतेक सगळा परत मिळतो. पॉलिशची धूळ मात्र गेलीच म्हणायची. सोनारांच्या दुकानातला कचरा विकत घेऊन धुणारे झारेकरी पूर्वीपासून आहेत ते उगाच नाही. धूळ वर्कशॉपने ठेवावी, त्यात गैर काही नाही. मात्र ती ‘घट’ म्हणून किती धरली हे आधी सांगावं. ‘थोडीफार जाते’ हे उत्तर तोळ्याच्या आजच्या भावात चालण्यासारखं नाही.

हॉलमार्कबाबत गैरसमज बरेच. सोन्याच्या दागिन्यांना जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती आली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असलेलाच माल विकता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सूट आहे. सक्ती विक्रीला आहे हे खरं. तरी स्वतः केलेल्या अंगठीवरही हॉलमार्क घ्यावा, पुढे मोडताना किंवा मुलांना देताना वाद राहत नाही. ग्राहक थेट हॉलमार्क केंद्रात जाऊन फक्त तपासणी करून घेऊ शकतो, तिचा अहवाल मिळतो. छाप मात्र बीआयएसकडे (भारतीय मानक ब्यूरोकडे) नोंदणी असलेल्या सराफामार्फतच पडते. म्हणून वर्कशॉपचा अशा सराफाशी संबंध आहे का, हे आधी विचारा. अंगठी केंद्रात जाईल ती माप, कानस, एमरी सगळं संपल्यावर, आणि आल्यावर तिला फक्त शेवटचा हलका पॉलिश द्या. आतल्या बाजूवर जोरात ब्रश फिरवला की लेझरची बारीक अक्षरं पुसट होतात. छाप, कॅरेटचा आकडा आणि एचयूआयडी ही तिन्ही चिन्हं भिंगाखाली पाहून क्रमांक बीआयएस केअर ॲपवर ताडून घ्या.

ज्यांना हे सगळं एका दिवसाचं दडपण वाटतं त्यांनी आधी पितळेची नाहीतर चांदीची एक जोडी करावी. पितळेच्या पट्टीवर माप, आरी आणि सांधा यांचा सराव होतो आणि चुकलं तर शंभर-दोनशे रुपयांत निभावतं. आरीची पाती डझनाने घ्या, पहिल्या तासात चार-सहा तुटतातच. कोल्हापूरच्या गुजरीत, पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास किंवा मुंबईच्या झवेरी बाजारात हे सगळं सामान सहज मिळतं.

आणि पुढे कधी नंबर बदलायची वेळ आली, जी येतेच, तर ज्याच्याकडे द्याल त्याला सांध्याची जागा दाखवा आणि तिथेच कापायला सांगा. सांधा ओळखू येत नसेल, आणि चांगला झाला असेल तर येणार नाही, तर निदान एचयूआयडीची बाजू सोडून समोरून कापायला सांगा.

आपले,
सोनारकाम करणारे दोन कारागीर, पुणे